टेकाडाच्या अलीकडे

"तो शर्ट बदल आधी," आर्लिस म्हणाली. "कोपरावर विरलाय."

"बाई जमीन बघायला येतेय, माझं कोपर नाही," मर्ल म्हणाला. पण बोलता बोलताच तो आत गेला आणि चर्चला जायचा निळा शर्ट घालून आला. बटणं लावताना त्याची बोटं अडखळत होती. आर्लिसनं पुढे होऊन गळ्याशी असलेलं बटण लावून दिलं, लांबून पाहिलं आणि परत काढलं.

"हे उघडंच राहू दे. कुणाला पोचवायला निघाल्यासारखा दिसतोस."

शहात्तर वर्षांचा माणूस, पण सकाळपासून नुसता आत-बाहेर करत होता. रस्त्यापासून दारापर्यंतचं गवत त्यानं काल कापलं होतं, ते आज पुन्हा कापलं. शेडपाशी पडलेले जुने टायर मागच्या अंगाला लोटून ठेवले. पिकअपची काच पुसली, मग पुसलेल्या काचेतून सीटवरची धूळ दिसायला लागली म्हणून सीटही पुसली.

कॅन्सस सिटीहून फोन आला होता. तिथली एक मोठी घरबांधणी कंपनी नव्या वस्त्यांसाठी जमिनी शोधत होती. फोनवरची बाई म्हणाली होती, "मी या आठवड्यात बेकर फॉल्सलाच आहे. तुमचे साठ एकर बघायला आले तर चालेल का?" मर्ल म्हणाला होता, "चालेल की." एवढंच. पण फोन ठेवल्यावर तो बराच वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिला. त्या खिडकीतून पूर्वेचं टेकाड दिसायचं आणि टेकाडाच्या पलीकडे होतं बेकर फॉल्स शहर.

मर्लनं ही जमीन घेतली तेव्हा त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये कामाला होता, आर्लिस एका शाळेच्या स्वयंपाकघरात. दोघांचं मिळून जे काही साठलं होतं ते त्यानं या ओढ्याकाठच्या, दगडगोट्यांनी भरलेल्या जमिनीत घातलं. विकणारा शेतकरी व्यवहार झाल्यावर त्याच्याकडे जरा कीव करूनच बघत होता. पण मर्लचं गणित सरळ होतं. शहर वाढतंय. वाढणारं शहर कुठेतरी जाणारच. ते इकडे येईल. तोवर डोक्यावर छप्पर हवं म्हणून त्यानं एक जुनं, चाकांवरचं ट्रेलर-घर ओढून आणलं आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलं. "दोनच वर्षं," तो आर्लिसला म्हणाला होता. "शहर आलं की हे मोडीत आणि आपण खऱ्या घरात."

शहर वाढलं, अगदी मर्ल म्हणाला होता तसं वाढलं. दक्षिणेला वाढलं, पूर्वेला नदीच्या दोन्ही काठांनी पसरलं, हमरस्त्याच्या कडेनं लांबच लांब गेलं. टेकाड मात्र त्यानं ओलांडलं नाही. दोन वर्षांची चार झाली, चारांची दहा आणि पुढे कुणी मोजत बसलं नाही.

गावच्या तिठ्यावर कॉफीचं दुकान होतं. तिथे रोज सकाळी जमणारी मंडळी विचारायची, "काय मर्ल, शहर कुठवर आलं?" आणि मर्ल शांतपणे म्हणायचा, "दम खातंय. चढ आहे ना." यावर सगळे हसायचे, तोही हसायचा. पण घरी तो याबाबतीत हसत नसे. छपरातून पाणी गळलं तर वर पत्र्याचा एक तुकडा ठोकायचा, नवं छप्पर घालायचं नाही. दाराबाहेरची पायरी म्हणजे पालथं घातलेलं लाकडी खोकं. आर्लिसनं एकदा सफरचंदाची दोन रोपं आणायचं काढलं, तर म्हणाला, "फळ धरायला पाच वर्षं लागतात. तोवर इथे बुलडोझर फिरत असेल." तिनं रोपं आणली नाहीत. असं कितीतरी आणलं नाही.

पांढरी गाडी खडीवरून आली आणि दारासमोर थांबली. उतरलेली बाई पन्नाशीची होती, काळी, उंच, आणि पायात गुडघ्यापर्यंतचे चिखलाचे बूट. ते बूट पाहून मर्ल एकदम खुलला. याआधी तीन-चार जण येऊन गेले होते, सगळे चकचकीत बुटांतले. गाडीजवळ उभं राहून चौफेर बघायचे, "कळवतो" म्हणायचे आणि जायचे.

"योलांडा प्रुइट," तिनं हात पुढे केला. "गवताचा वास छान येतोय."

"आजच कापलंय," मर्ल म्हणाला.

"कालही," आर्लिस म्हणाली.

प्रुइटबाई हसल्या. मर्लनं पिकअपचं दार उघडून धरलं. आर्लिस आत जायला वळली, तशा बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही येत? चला की. जमीन किती चांगली आहे ते नवरे सांगतात. पाणी कुठे साचतं ते बायकांना माहीत असतं."

तिघं एकाच सीटवर दाटीनं बसली, आर्लिस मधे. मर्लनं गाडी आधी टेकाडावर नेली. हे आर्लिसला ठाऊक होतं; प्रत्येकाला तो आधी तिथेच न्यायचा. वर पोचल्यावर समोर सगळं शहर पसरलेलं दिसे. पाण्याची टाकी, इस्पितळाची नवी इमारत, दोन क्रेन, आणि त्यांच्याही पुढे दक्षिणेकडे नव्या घरांची तांबूस छपरं, मोजता येणार नाहीत इतकी.

"काय वाटतं?" मर्लनं विचारलं. त्यानं हे इतक्या सहज विचारायचा प्रयत्न केला की आर्लिसला त्याच्याकडे बघवेना.

बाईंनी घाई केली नाही. काच खाली घेतली, कोपर बाहेर टेकलं.

"मी कुठल्याही गावात गेले की पहिल्या दिवशी कुणाला भेटत नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी नाश्त्याला जाते. इथे मला टेबलासाठी ताटकळत उभं राहावं लागलं, तेही मंगळवारी. आणि भोवती सगळी लेकुरवाळी जोडपी. मग एका पाळणाघरात जाऊन विचारलं, जागा आहे का. म्हणाले, पुढल्या वर्षी या. मग बसले हमरस्त्यावर आणि बघत राहिले, भाड्याचे ट्रक सामान भरून येताहेत की भरून जाताहेत."

"आणि?"

"येताहेत. काही गावं वाढलेली नसतात हो, सुजलेली असतात. एखादा कारखाना येतो, चार वर्षं चंगळ. कारखाना गेला की सूज उतरली. मग नुसत्या रिकाम्या खिडक्या. मी पाहिलीत तशी गावं." त्यांनी समोर बोट केलं. "हे तसं नाही. हे बाळसं आहे. माझं ऐकाल तर आणखी पंचवीस वर्षांत हे शहर दुप्पट होईल."

पोटच्या पोराचं कौतुक शाळेतल्या बाईंच्या तोंडून ऐकावं तसा मर्ल ऐकत होता. त्याचे कान लाल झाले होते.

मग ते खाली उतरले आणि जमीन पायी फिरले. मर्ल पुढे, हातवारे करत. इथून रस्ता येईल. इथे शाळेला जागा सोडता येईल. ओढ्याकाठी बाग, बाकं. बाई मधूनच थांबायच्या, टाच जमिनीत रुतवून बघायच्या.

"वसंतात ओढा कुठवर येतो?" त्यांनी विचारलं.

"येतो थोडासा," मर्ल म्हणाला.

"शेजारच्या लॉयडच्या कुंपणापर्यंत," आर्लिस म्हणाली.

मर्लनं तिच्याकडे पाहिलं. बाईंनी कुंपण कुठे आहे ते पाहिलं, मग वळून टेकाडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आर्लिसनं शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात घालवली होती. ताट हातात घेऊन येणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावरून त्याच्या घरी काय चाललंय ते तिला कळायचं. बाईंच्या त्या बघण्यावरून तिला कळायचं ते कळलं.

जेवायला तिनं हॉटडिश केली होती. खाली खिमा, वर कुरकुरीत बटाटे, भट्टीतून थेट टेबलावर. नंतर परसातल्या आंबट रुबार्बच्या देठांच्या गोड वड्या आणि कॉफी. ट्रेलरमधलं टेबल भिंतीला जोडलेलं होतं, तिथे दोघंच नीट बसू शकत. मर्ल भांड्यांच्या कपाटाला टेकून, बशी हातात धरून, उभ्यानंच जेवत होता आणि बोलत होता. शाळेची जागा त्यानं आता ओढ्यापासून जरा वर सरकवली होती.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या लॉयड टीडमनच्या दोन गाई कुंपण मोडून रस्त्यावर आल्या होत्या. लॉयड मर्लच्याच जमिनीतलं गवत आपल्या गाईंसाठी कापून नेत असे; अडीअडचणीला दोघं एकमेकांना धावत.

"आलोच," मर्ल बाईंना म्हणाला. "जाऊ नका हं. वड्या घ्या अजून."

पिकअप गेल्यावर आत एकदम शांत झालं. बाईंनी कपातली कॉफी संपवली.

"मिसेस हौगेन," त्या म्हणाल्या, "मी ही जमीन घेणार नाही."

"हो," आर्लिस म्हणाली.

"शहराचं सगळं सांडपाणी पूर्वेला उतरतं, नदीकडे. टेकाडाच्या अलीकडचं पाणी उलट्या दिशेनं जातं. इथे वस्ती करायची म्हटली तर सगळं पंपानं टेकाडावर चढवून पलीकडे टाकायचं. पलीकडची सपाट जमीन संपेपर्यंत कोण ते करणार? आणि पलीकडची सपाट जमीन..." त्यांनी हातानं लांबवर दाखवलं.

"कधी संपेल ती?"

"तुमच्या-माझ्या हयातीत नाही."

आर्लिसनं बशा उचलल्या, नळाखाली धरल्या. पाण्याचा आवाज होत राहिला.

"आधी आलेले म्हणायचे, कळवतो," ती पाठमोरीच म्हणाली.

"तसं म्हणणं सोपं असतं. मीही म्हणते पुष्कळदा." बाई थोडं थांबल्या. "आजही म्हणू शकते. कळवते म्हणेन आणि जाईन. ते आणखी काही वर्षं खुशीत राहतील. तुम्ही सांगाल तसं करते. तुम्हाला काय हवंय?"

आर्लिसनं नळ बंद केला. या जमिनीबद्दल, या घराबद्दल, तिला काय हवंय असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मर्ल वाईट नव्हता. त्यानं कधी हात उगारला नाही, दारूला शिवला नाही, तिच्या आईच्या दुखण्यात रात्री काढल्या. फक्त हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही, कारण त्याचं उत्तर टेकाडापलीकडून येणार होतं.

"तळघर," ती म्हणाली.

"काय?"

"मला तळघर हवं होतं. या ट्रेलरला काय, खाली नुसते ठोकळे, वादळात उलटायचं. वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की आम्ही लॉयडच्या घरी पळायचो, त्याच्या तळघरात. कर्टिस, आमचा मुलगा, तान्हा होता तेव्हापासून. पालथ्या बादल्यांवर बसायचं. लॉयडची बायको चांगली होती, कधी नाक मुरडलं नाही. पण दर वेळी तीच म्हणायची, या, बसा. आणि मी म्हणायची, त्रास देतोय तुम्हाला." आर्लिसनं हात पुसले. "एवढंच. कुणाला तरी आपण म्हणावं, या, बसा."

बाईंनी रिकामा कप बाजूला सारला.

"कर्टिस आता डेन्व्हरला असतो. सहावीत असताना त्यानं वर्गातल्या पोरांना वाढदिवसाला घरी बोलवायचं म्हटलं. मर्ल म्हणाला, पुढल्या वर्षी नव्या घरात बोलवू, मोठा करू. पोरगं पुन्हा म्हणालंच नाही." ती समोर बसली. "मी 'कळवते म्हणा' असं सांगितलं तर तो उद्यापासून पुन्हा त्या खिडकीशी उभा राहील. आनंदात राहील, खरंय. आणि मी त्याच्या मागे उभी राहीन."

बाहेर लांबवर मर्लचा गाईंना हाकलायचा आवाज येत होता.

"सांगा त्याला," ती म्हणाली. "पण बाहेर सांगा. आत त्याला तोंड फिरवायलासुद्धा जागा नाही."

तिनं खिडकीतून पाहिलं. मर्ल परतला, पँटला चिखल, चेहऱ्यावर हसू. बाई त्याच्याशी बोलत गाडीपर्यंत गेल्या. मग थांबल्या. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं, पण त्यांचा हात टेकाडाकडे गेला, मग खाली ओढ्याकडे आला. मर्ल मान हलवत होता. मान हलायची थांबली. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आत बघितल्यासारखं केलं आणि परत घातली. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यानं हात पुढे केला, दोघांनी हस्तांदोलन केलं. त्यानं त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं. गाडी रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा होता.

आत आला तेव्हा आर्लिस ओट्याशी होती.

"वड्या उरल्यात का?" त्यानं विचारलं.

तिनं ताटली पुढे केली. त्यानं दोन वड्या खाल्ल्या आणि शेडमध्ये निघून गेला.

त्यानंतर तो खिडकीशी उभा राहिला नाही. सकाळी कॉफी घेऊन टेबलाशी बसायचा, खिडकीकडे पाठ करून. तिठ्यावरच्या दुकानात जाणं बंद झालं. शेडमध्ये जायचा, पण तिथून ठोकल्याचा किंवा कानस घासल्याचा आवाज येत नसे. आर्लिस दोनदा काही ना काही निमित्तानं डोकावून आली. तो एका आडव्या टायरवर बसलेला होता. तिनं बोलायला तोंड उघडलं आणि जेवायला काय करू एवढंच विचारून परत फिरली. कर्टिसचा फोन आला तेव्हा त्यानं "मी ठीक आहे, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात दिला. कर्टिस म्हणाला, "डॅडना बरं नाहीये का?" ती म्हणाली, "थकलाय जरा."

लॉयड एका दुपारी मक्याची कणसं घेऊन आला. दारातच हळू आवाजात म्हणाला, "काय गं, घरात कुणी गेलंय का? तिठ्यावर सगळे विचारताहेत. चेष्टा करायला माणूस नाही, कॉफी गोड लागत नाही म्हणतात."

"कुणी गेलं नाही," आर्लिस म्हणाली. "पण सुतक आहे असं समज."

आपण चुकलो की काय, असं तिला त्या दिवसांत सारखं वाटे. या वयात माणसाच्या हातची काठी काढून घ्यावी का? त्या बाई 'कळवते' म्हणून गेल्या असत्या, तर आज हा माणूस शाळेची जागा अजून थोडी वर सरकवत बसला असता.

ऑगस्ट सरता सरता एका संध्याकाळी तो शेडमधून आला आणि म्हणाला, "चल, वर जाऊन येऊ."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ते असे जायचे. टेकाडावर गाडी लावून दिवे बघायचे, दिवे किती जवळ आले ते बोटांनी मापायचे. त्यालाही फार काळ लोटला होता. आर्लिसनं स्वेटर घेतला. वर पोचले तेव्हा सूर्य त्यांच्या पाठीशी बुडत होता आणि समोर शहरात दिवे लागायला सुरुवात झाली होती. मर्लनं इंजिन बंद केलं.

"तू सांगायला लावलंस ना तिला?"

"हो."

"म्हणालीच ती. म्हणाली, तुमच्या बायकोनं सांगितलंय म्हणून बोलतेय, नाहीतर बोलले नसते." तो समोर बघत होता. "चांगली बाई आहे."

"राग आला?"

"आला."

"तिचा?"

"तिचा कशाला? तुझा."

"मग?"

"मग काय? अजून उतरला नाही पुरता. म्हणून तर बोलत नव्हतो."

तिनं स्वेटरच्या बाह्या ओढून घेतल्या.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"ते पाण्याचं वगैरे मला कुठलं माहीत? पण येणार नाही हे... कर्टिस शाळेत होता तेव्हापासून वाटायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रोज सकाळी कप घेऊन खिडकीशी उभा राहायचास. तोंडावर असं काही असायचं की वाटायचं, आज नको. उद्या बोलू." ती थांबली. "आणि खरं सांगू? मलाही वाटायचं, असेल याचं बरोबर. आपल्याकडे दुसरं होतंच काय?"

खाली हमरस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांची माळ सरकत होती.

"तळघराचंही बोलली ती. साधं तळघर दिलं नाही मी तुला," मर्ल म्हणाला.

"नाही दिलंस," आर्लिस म्हणाली. असू दे, असं ती म्हणाली नाही. म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण ते खरं नव्हतं.

त्यानं मान हलवली. मग स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "तिथे खाली असतील की घरं. जुनी. तळघरवाली."

"असतील."

"म्हातारी माणसं मरत असतील, त्यांची रिकामी होत असतील."

"मर्ल."

"खरं तेच बोलतोय. आपल्याला परवडणारं घर त्यांच्याशिवाय कोण देणार?"

आर्लिसला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. तिनं तोंड काचेकडे फिरवलं. मर्लनं तिकडे पाहिलं नाही. तिला तेवढा वेळ देऊन मग गाडी सुरू केली.

जमीन लॉयडनं घेतली. गवत तर तो नेतच होता, आता मधलं कुंपण काढून टाकलं की झालं, असं म्हणाला. भाव फार आला नाही आणि मर्लनं घासाघीसही केली नाही. रस्त्याकडचं कुंपण कुठे मोडतं ते मात्र त्यानं लॉयडला पुन्हा एकदा फिरून दाखवलं.

घर शोधायला ते महिनाभर शहरात हिंडले. मर्लला हे काम अनपेक्षितपणे आवडलं. प्रत्येक घरामागच्या अंगणात तो टाच रुतवून बघायचा, शेजारी दिसला की त्याला थांबवून विचारायचा, "पाणी कुठे जातं इथलं? पाळणाघरात जागा मिळते का?" दलालीण तरुण होती, तिला वाटलं, यांना नातवंडं सांभाळायची असतील. एकदा आर्लिसला त्यानं हळूच सांगितलं, "बाई बरोबर म्हणाल्या होत्या. बाळसंच आहे." शेवटी जुन्या वस्तीत, दोन मेपलच्या झाडांमागचं एक छोटं घर त्यांनी घेतलं. आर्लिस आधी तळघरात उतरली. वरच्या खोल्या तिनं नंतर पाहिल्या. तळघराला ओलसर वास होता आणि वर जमिनीलगत एक चिंचोळी खिडकी. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहिली. मर्ल वरून म्हणाला, "काय गं, आवडलं का?" ती म्हणाली, "थांब जरा."

ट्रेलर-घर कुणालाच नको होतं. मग उत्तरेकडच्या तळ्याकाठी राहणाऱ्या एका माणसानं मासेमारीच्या दिवसांत राहायला म्हणून ते मागितलं. ओढून न्यायचा खर्च त्याचा. ऑक्टोबरात एका सकाळी तो ट्रॅक्टरसारखं दणकट धूड आणि एक मदतनीस घेऊन आला. त्यांनी ठोकळे काढले, खाली जॅक लावले, चाकं चढवली. मर्ल हात बांधून बघत होता. एक-दोनदा काहीतरी सुचवायला पुढे झाला आणि थांबला. जेवायच्या वेळेआधीच सगळं घर जमिनीवरून उचललं गेलं. थोडं करकरलं, डुललं आणि हलायला लागलं.

मागे गवतात एक लांबट, उघडा चौकोन राहिला. तिथली माती फिकट होती, राखेसारखी. कधी ऊन नाही, पाऊस नाही. आर्लिस आपल्या स्वयंपाकघराच्या जागी जाऊन उभी राहिली. भिंती नसल्यामुळे चारही बाजूंना दूरवरचं दिसत होतं. वारा येत होता. इतकी वर्षं या जागी उभं राहून तिनं फक्त एका खिडकीएवढं पाहिलं होतं.

"पडदे राहिले गं," मर्ल म्हणाला. "खिडकीला अजून तसेच आहेत."

"राहू देत. त्याला होतील."

लॉयडनं दोघांशी हस्तांदोलन केलं. मग आर्लिसला म्हणाला, "भोंगा वाजला की माझं तळघर रिकामं पडेल आता." त्याची बायको जाऊनही चार वर्षं झाली होती.

"तूच ये आमच्याकडे जेवायला," ती म्हणाली. "भोंग्याची वाट कशाला बघतोस?"

पिकअपमध्ये शेवटची खोकी होती, तिची दोन कुंड्यांतली रोपं तिच्या पायांशी. रस्ता एकच होता, टेकाडावरून जाणारा, आणि त्या रस्त्यावर ते चढाला लागले तेव्हा समोर त्यांचंच घर चाललं होतं. रस्ताभर रुंद, जेमतेम माणसाच्या चालीनं. मागच्या बाजूला मर्लनं ठोकलेले पत्र्याचे तुकडे उन्हात वेगवेगळ्या रंगांचे दिसत होते. पडदा खिडकीतून बाहेर आला होता आणि फडफडत होता.

मागे गाड्या साचायला लागल्या. आधी दोन, मग पाच-सहा. कुणीतरी हॉर्न वाजवला. आर्लिसनं मान वळवून पाहिलं. मर्लनं पाहिलं नाही. टेकाडाच्या माथ्यावर रस्ता जरा रुंद झाला, ट्रेलर एका अंगाला सरकला. मर्लनं काच खाली केली, हात बाहेर काढला आणि मागच्यांना पुढे जायची खूण केली. एकेक गाडी त्याला ओलांडून गेली, मग ट्रेलरला ओलांडून पलीकडे शहराकडे उतरली. शेवटच्या गाडीतल्या माणसानं जाताना हात उंचावला. मर्लनंही उंचावला.

रस्ता मोकळा झाला.

"आता आपल्यालाही जाता येईल पुढे," आर्लिस म्हणाली.

"हो," मर्ल म्हणाला. त्यानं काच वर केली, आणि गाडी तशीच, घराच्या मागोमाग, त्याच्याच चालीनं हाकत राहिला.